वारंगा फाट्याचा करार

आखाडा बाळापूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी सरांच्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा खोल्यांबरोबर तटस्थताही घ्यावी लागेल याची मला कल्पना नव्हती. सामान वर चढवून होतं न होतं तोच सर जिन्यात येऊन उभे राहिले.

"वारंगा फाट्याला तुमचं कोणी नातेवाईक?"

"नाही."

"ओळखीचं?"

"नांदेडला जाताना बस थांबते, तेवढंच."

"उत्तम. म्हणजे तुम्ही स्वित्झर्लंड."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि घरमालकाशी पहिल्याच दिवशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. पुढची चार वर्षं मी स्वित्झर्लंड होतो.

सर राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. एकमेकांच्या जिवावर उठलेले देश पुन्हा संबंध कसे जोडतात, हा त्यांचा आवडता विषय. अभ्यासक्रमात त्याला दीड पान होतं. सर त्यावर दोन महिने घालवत आणि राज्यघटनेची अर्धी कलमं मुलांना घरी वाचायला सांगत. गावात आजही एखादा पानटपरीवाला मूलभूत हक्क किती हे सांगू शकणार नाही, पण अमेरिकेचे टेबल टेनिसचे खेळाडू चीनला गेले आणि मग काय काय झालं ते सुपारी कातरता कातरता बिनचूक सांगेल.

पेपर आला की सर आधी परदेशाचं पान उघडायचे, तेही उभ्याने. कुठे दूतावास पुन्हा उघडल्याची बातमी असली की कात्री आणायचे, कात्रण साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचे आणि जिना चढून मला सांगायला यायचे. इराण आणि सौदीचं जमलं त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला होता. मी विचारलं, "सर, आपला काय संबंध?" तर म्हणाले, "दोन घरी चहा सुरू झाला की तिसऱ्यालाही बरं वाटतं."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले, कारण त्यांचा स्वतःचा एक दूतावास बंद पडलेला होता. तो वारंगा फाट्याला, बाळापूरहून जीपने वीस मिनिटांवर.

सरांची एकुलती एक लेक, जिला मी ताई म्हणायचो, तिथे दिली होती. व्याही बागाईतदार, शिवाय फाट्यावर त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल. माणूस तोंडाने फटकळ, पण दिलदार. लग्न ठरलं तेव्हा सरांनी एकच अट घातली होती, मुहूर्त पाळायचा. ती त्यांनी कागदावर लिहून घेतली, खाली दोघांच्या सह्या झाल्या, आणि व्याह्यांनी गंमत म्हणून हॉटेलचा शिक्काही मारून दिला. सरांना ती गंमत वाटली नाही.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. बारा पस्तीसला नवरदेव मारुतीच्या देवळापासून निघून घोड्यावर चौकात पोहोचला होता आणि त्याच्यापुढे पाहुणे डीजेवर नाचत होते. आपल्याकडे कुठल्याही लग्नात असंच असतं आणि कोणी घड्याळाकडे बघत नाही. सरांनी बघितलं. ते स्टेजवर गेले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मुहूर्त झालेला आहे. भटजी, सुरू करा."

भटजी म्हणाले, "सर, नवरदेव?"

"नवरदेवाची वेळही हीच ठरली आहे. सही आहे."

भटजींना त्याच दिवशी कळमनुरीला दुसरं लग्न होतं. त्यांनी सुरू केलं. अंतरपाटाच्या एका बाजूला ताई हार घेऊन उभी, दुसऱ्या बाजूला रिकामा पाट. मंडपातल्या लोकांनी सवयीने अक्षता टाकल्या आणि सवयीनेच जेवायला पळाले. नवरदेव मंडपात शिरला तेव्हा त्याच्या स्वागताला फोटोग्राफर होता आणि वांग्याच्या भाजीचा वास. मंगलाष्टकं पुन्हा म्हटली, पण ती ऐकायला दहा-बारा माणसं होती आणि त्यांच्याही तोंडात बुंदी होती.

निघताना व्याही सरांसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही म्हणतात. "सर, तुमची लेक आता आमची झाली. तिला काई तकलीफ व्हनार न्हाई. पन तुमच्या दाराला तिचा पाय लागनार न्हाई. सही करून देऊ का?"

दोन्ही गोष्टी त्यांनी पाळल्या. ताई सुखात होती आणि सहा वर्षं माहेरी आली नव्हती. सर म्हणायचे, "शब्दाचा पक्का माणूस आहे. एवढं एक त्यांचं मला आवडतं."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हे ऐकून स्वयंपाकघरातून भांडं आपटायच्या. "आवडतंय म्हणं! लेक न्हाई येऊन राहिली, आन् ह्यांना गुण दिसून राहिले."

काकूंचं आणि ताईचं रोज दुपारी फोनवर बोलणं व्हायचं. सर त्या वेळी मुद्दाम ओट्यावर बसत. त्यांचं म्हणणं, हे अनौपचारिक पातळीवर चाललंय, मला अधिकृतपणे माहीत नाही. पण ओटा खिडकीखालीच होता.

ताईचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा काकूंनी माळ्यावरचा पाळणा काढायला लावला. सरांनी आणि मी तो खाली घेतला, सरांनी कड्यांना तेल दिलं, ओल्या फडक्याने दांड्या पुसल्या. बाळंतपण वारंग्यालाच झालं. दोन महिन्यांनी आम्ही दोघांनी पाळणा पुन्हा वर चढवला. तेव्हा सर परराष्ट्र धोरणावर एक अक्षर बोलले नाहीत. फक्त खाली उतरल्यावर म्हणाले, "नीट बांधलाय ना? लवकर काढायला लागेल."

सरांचा सिद्धांत असा की आपल्या लोकांना भांडणं मिटवता येत नाहीत, कारण ते पहिल्याच दिवशी मध्यस्थ बसवतात. देश तसं करत नाहीत. आधी खेळाडू जातात, मग जनावरं, मग कागद, माणसं सगळ्यात शेवटी. त्यांनी सात पायऱ्यांचा तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. सातव्या पायरीवर लिहिलं होतं, 'कन्येचे आगमन'.

पहिली पायरी म्हणून त्यांनी बाळापूर आणि वारंगा फाटा यांच्यात कबड्डीचा सामना ठरवला. पंच म्हणून स्वतः उभे राहिले. शेवटच्या मिनिटाला वारंग्याच्या गड्याचा पाय रेषेबाहेर गेला, तो सरांशिवाय कोणालाही दिसला नाही. सरांनी शिट्टी वाजवली. वारंगा एका गुणाने हरलं. त्या गड्याचे चुलते म्हणजे व्याही. काकूंनी विचारलं, "कशाला वाजवली वं शिट्टी?" तर म्हणाले, "पाय बाहेर होता."

दुसरी पायरी जनावराची. चीन पांडा देतो, सरांनी लाल कंधारी कालवड दिली. टेम्पोतून, गळ्यात झेंडूची माळ घालून. व्याह्यांनी कालवड ठेवून घेतली आणि टेम्पो रिकामा परत पाठवला. निरोप नाही, काही नाही. दोन-अडीच वर्षांनी ताईने फोनवर सांगितलं की कालवड व्याली आणि घरात तिच्याच दुधाचा चहा होतो. सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे व्यापार सुरू झाला."

"कशाचा व्यापार?" काकू म्हणाल्या. "गाय गेली की आपली."

तिसरी पायरी कागदाची, तिथे मी आलो. मी शनिवारी नांदेडला घरी जायचो. सर मला बंद पाकीट द्यायचे आणि मी फाट्यावर उतरून ते हॉटेलात पोचवायचं. पत्राची सुरुवात मला पाठ झाली होती: "आखाडा बाळापूर वारंगा फाट्यास सादर नमस्कार करून नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की…" पुढे निदर्शनास काय आणायचं ते पत्र संपलं तरी सापडत नसे.

व्याही गल्ल्यावर बसलेले असायचे. पाकीट न उघडता बाजूला ठेवायचे आणि मला चहा पाजायचे. एका शनिवारी मी भजी बांधून मागितली. बसमध्ये पुडी सोडली तर भज्यांखाली सरांचं वळणदार अक्षर. तेलाने कागद पारदर्शक झाला होता, 'सादर नमस्कार' दोन्ही बाजूंनी वाचता येत होता.

सोमवारी सरांनी विचारलं, "प्रतिसाद?"

मी स्वित्झर्लंड असल्यामुळे खोटं बोलणं मला शोभलं नसतं. म्हणालो, "कागद वापरात आहे."

सरांनी वहीत तशी नोंद केली.

यानंतर सरांना दफनविधीचा शोध लागला. कुठल्या तरी लेखात त्यांनी वाचलं की ज्या देशांचे प्रमुख एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते तिसऱ्याच्या अंत्यविधीला शेजारी उभे राहतात आणि तिथेच पहिला हात मिळवला जातो. सर जिना एका दमात, तीन-तीन पायऱ्या चढून वर आले. "अहो, हे तर आपल्याकडे आधीपासून आहे! लग्नाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही. मातीला बोलावणं लागत नाही!"

हे खरं होतं. आमच्या भागात मयताला माती म्हणतात आणि मातीला वैरीसुद्धा जातो. गेला नाही तर लोक नावं ठेवतात, गेला तर कोणी अडवत नाही.

आता माती कोणाची, हा प्रश्न होता. व्याह्यांच्या घरात नव्वदी पार केलेली त्यांची आई होती. सरांनी तिच्या तब्येतीची अधूनमधून चौकशी सुरू केली. ताईला वाटलं, बाबांना आजीची किती काळजी. सरांनी पांढरं धोतर आणि टोपी इस्त्री करून ठेवली. मयत बाईवर घालायला सोयऱ्यांनी नवं लुगडं न्यायचं असतं, म्हणून जांभळ्या काठाचं नऊवारीही आणलं. दुकानदाराने विचारलं, "कोण गेलं, सर?" सर म्हणाले, "अजून कोणी नाही."

लुगडं दोन वर्षं डांबरगोळ्यांसह ट्रंकेत पडून राहिलं. म्हातारीला एकदा ताप आला तेव्हा सरांनी धोतर उन्हात टाकलं. ती तिसऱ्या दिवशी उठून शेतात गेली. काकू मला म्हणाल्या, "काय माणूस हाय बगा. कुनाचं वाईट चिंतनार न्हाई. पन वाट पाहून राहिला."

मग मी नांदेडला गेलो नव्हतो अशा एका रविवारी सकाळी सर मोबाइल हातात धरून माझ्या दारात आले. वारंग्याच्या सोयऱ्या-धायऱ्यांच्या ग्रुपवर म्हातारीचा फोटो होता. चौकट फुलांची, दोन कोपऱ्यांत समया. त्याखाली ओळीने 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'भावपूर्ण श्रद्धांजली', जोडलेले हात, पुन्हा श्रद्धांजली. सरांनी मोजल्या होत्या. "एकेचाळीस स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिलाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे मात्र ओले होते, हेही सांगायला हवं.

काकू म्हणाल्या, "पोरीला फोन तर लावा."

"मातीच्या घरी फोन करून 'खरंच गेल्या का' असं विचारतात का कोणी?"

विचारत नाहीत, हेही खरंच. जीप केली. सर पुढे, मांडीवर लुगडं. मागे काकू आणि मी. वाटेत सरांनी तीन वाक्यं लिहून काढली आणि दोन खोडली.

व्याह्यांच्या दारात गर्दी नव्हती. आम्हाला वाटलं, लवकर आलो. रिवाजाप्रमाणे काकूंनी फाटकापासूनच पदर तोंडाला लावला आणि हेल काढला. "अगं माज्या माये गं… कशी सोडून गेलीस गं…"

आतून खणखणीत आवाज आला, "कोन रडून राहिलं गं सकाळच्या पारी?"

अंगणात बाजेवर म्हातारी बसली होती. पुढ्यात ताटली आणि ताटलीत आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचा उरलेला केक. नातवाने हौसेने केलेला वाढदिवस, हौसेनेच ग्रुपवर टाकलेला फोटो. त्याच्याच जरा वर गावातलं दुसरं कोणी गेल्याची बातमी होती आणि लोक आपले खाली खाली श्रद्धांजली वाहत गेले होते. पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या घटकेला काकूंचा हेल अर्ध्यात थांबला होता, मी जीपच्या आड झालो होतो, आणि सर पांढऱ्या धोतरात, हातात लुगडं घेऊन, अंगणाच्या मधोमध उभे होते.

म्हातारीने केक गिळला. "कोन मेलं, मास्तर?"

दुसरा कोणी असता तर शेजारच्या गावातलं एखादं नाव सांगून सुटला असता. सर म्हणाले, "आपणच."

व्याही दारात आले. मागून ताई, कडेवर धाकटं, हाताशी थोरलं. व्याह्यांनी धोतर पाहिलं, लुगडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा तापलेल्या कढईसारखा झाला. ताई सरांकडे बघत होती आणि नकळत मान हलवत होती, की बाबा, आता काही बोलू नका. सहा वर्षांत बाप पहिल्यांदा अंगणात आला होता, आणि आला तो असा. मला वाटलं, संपलं. आता सातवी पायरी कपाटातच राहणार.

"म्हंजे मी मेले म्हून आलात?" म्हातारी म्हणाली. "बोलावनं नसताना?"

"मातीला बोलावणं लागत नाही."

"ते बराबर हाय. लुगडं कव्हा घेतलं?"

ताईने डोळे मिटले. सर म्हणाले, "दोन वर्षं झाली."

अंगणात कोंबडीसुद्धा हलली नाही. मग म्हातारीचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं ठसका लागला. ती हसत होती, दात नसलेल्या तोंडाने, बाजेची दोरी करकरेपर्यंत. "दोन साल! आगं बया, माज्या पोटच्या पोरानं माजी इतकी वाट पाह्यली न्हाई! आना हिकडं." तिने लुगडं उलगडलं, काठ बोटांनी चाचपला, नाकाशी नेलं. "डांबरगोळ्या घातल्या व्हय. चांगलं जपलं. मेल्यावर नेसवलं तर मला कसं दिसन? ए पोरी, चल आत, नेसव मला."

ताई तिला आत घेऊन गेली. अंगणात सर आणि व्याही राहिले. सरांनी खिशातून उरलेलं एक वाक्य काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

म्हातारी जांभळ्या काठात बाहेर आली आणि बाजेवर ऐटीत बसली. "काय उभा राह्यलास रे?" ती पोराला म्हणाली. "मी मेले असते तर चूल पेटली नसती. जिती हाय ना? मंग चहा ठेवाय सांग की."

चहा आला. काकू एक घोट घेऊन हळूच म्हणाल्या, "आपल्या कालवडीचा दिसून राहिला." व्याह्यांनी ऐकलं. ते खाली बघून मिशीत हसले. सलोख्याचा सहा वर्षांतला पहिला पुरावा.

"आता ऐका," म्हातारी म्हणाली. "मास्तरनं लुगडं आनलं. रिकाम्या हातानं कसं धाडू? नातसून चार दिस जाईल, लेकरं घेऊन."

"आये, मी शबूद…" व्याही म्हणाले.

"तुजा शबूद तू पाळ. तू धाडू नको. मी धाडून राहिले."

सर एकदम गडबडले. "आजी, पण अजून चौथी, पाचवी पायरी बाकी आहे. संयुक्त निवेदन…"

व्याही उठले, सरांच्या दंडाला धरून जीपपाशी घेऊन आले. "सर, मुहूर्त टळून राहिला. बसा गाडीत."

ताई पिशवी भरून आली. जीप सुरू झाली तेव्हा म्हातारीने काठीने थांबवलं. "एक कबूल करा, मास्तर. माज्या मातीला तुमी एकडाव येऊन गेलात. आता पुन्यांदा यायचं न्हाई. आलात तर बगा!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. "कबूल," ते म्हणाले.

त्या दुपारी पाळणा माळ्यावरून खाली आला. पुढे ताई येत-जात राहिली, व्याहीही सणावाराला यायचे. एकदा म्हातारी स्वतः आली होती, त्याच लुगड्यात. सरांनी ओट्यावर सतरंजी अंथरून तिचं औपचारिक स्वागत केलं, भाषण केलं, आणि भाषण संपेपर्यंत ती झोपून गेली.

माझी बदली हिंगोलीला झाली. त्यानंतर दीडेक वर्षाने म्हातारी खरोखर गेली. मी मातीला गेलो. काकू होत्या, ताई रडत होती. सर नव्हते. लोक कुजबुजत होते. कोणी तरी व्याह्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालं, "मास्तर ईवाई न्हाई आले काहून?" व्याह्यांनी मान फिरवली. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

परतताना मी बाळापूरला उतरलो. सर ओट्यावर खुर्ची रस्त्याकडे, वारंग्याच्या बाजूला वळवून बसले होते. अंगावर ते पांढरं धोतर, टोपी. सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं असं शेजारणीने सांगितलं.

मी चिडलो. "सर, ती गंमत होती. सगळे हसले होते."

"करार करताना कोणी हसलं तर करार रद्द होतो, असं कुठे लिहिलंय?"

"पण लोक काय म्हणतील? व्याही काय म्हणतील? पुन्हा ताईचं येणं बंद झालं तर?"

सरांनी खुर्चीखालच्या चपलांकडे बघितलं. "तेच सकाळपासून चाललंय डोक्यात," ते म्हणाले. "दोनदा चप्पल घातली."

मी त्या दिवशी हिंगोलीला गेलोच नाही, आणि तिसऱ्या दिवसापर्यंतही गेलो नाही. काकूही परतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी राख नदीला सोडून व्याही येताना दिसले. मोटरसायकल घरासमोर थांबली. सुतक असल्यामुळे ते ओट्यावर चढले नाहीत, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सर ओट्यावर उभे राहिले. मी दारात होतो आणि काकू मागून माझा शर्ट धरून उभ्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"म्हातारीनं जाताना बजावलं व्हतं," व्याही म्हणाले. "मास्तर मातीला आलाच तर वापस धाडा म्हने."

सर ओट्याच्या कडेपर्यंत आले.

"आला न्हाईत, बरं केलं, सर." व्याह्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मला धाडनं जमलं नसतं."

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "चहा घ्या," ते म्हणाले.

"सुतक हाय. आत येता येत न्हाई."

सरांनी ओट्यावरची खुर्ची उचलली, पायऱ्या उतरले आणि ती रस्त्यावर मांडली. मी दुसरी नेऊन दिली. काकूंनी कप बाहेर पाठवले. दोघं अर्धा रस्ता अडवून शेजारी शेजारी बसले. मागून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर आला आणि जागा नाही म्हणून हॉर्न वाजवायला लागला. सरांनी मान न वळवता एक हात वर केला.

"थांबा जरा. बोलणी चालू आहेत."

दोघांपैकी कोणीही काही बोलत नव्हतं.